लाल पट्टीचे उंदीर

“मॅडम, उंदीर ढेकर देतो का?”

मी हे विचारलं तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये चारशे मुलं, सगळे शिक्षक, मुख्याध्यापक आणि एक प्रमुख पाहुण्या होत्या. हशा असा फुटला की खिडकीतली कबुतरं उडून गेली. विज्ञान दिन होता, मी नववीत होते, आणि प्रश्न खरं तर माझा नव्हताच. माझ्या मैत्रिणींनी, पल्ली आणि नाझनीननं, पैज लावली होती. मी हात वर करून एवढं विचारलं, तर माझी वर्षभराची प्रयोगवही त्या दोघी पूर्ण करून देणार. आकृत्यांसकट. माझी प्रयोगवही तेव्हा इतकी कोरी होती की मी उंदराच्या ढेकराबद्दलच काय, मुख्याध्यापकांच्या ढेकराबद्दलही विचारलं असतं.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. आमच्या शाळेत चष्मा निघाला की संध्याकाळी घरी चिठ्ठी जायची.

पण पाहुण्या हसल्या नाहीत. सुजाता मगदूम मॅडम त्यांचं नाव. गावाबाहेरच्या फार्मसी कॉलेजात शिकवायच्या आणि पीएच.डी. करत होत्या. उंदरांवर. औषध दिल्यावर उंदीर कमी खातात का, हा त्यांचा विषय. त्यांनी माइक जवळ ओढला.

“नाव काय तुझं?”

“वैदर्भी जाधव.”

“वैदर्भी, उंदराला ढेकर देता येत नाही. उलटीही करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं. तीच तर माझी पंचाईत आहे. ढेकर दिला असता तर पोट भरलं की नाही ते ऐकून कळलं असतं. आता मला त्याचा एकेक घास ग्रॅममध्ये मोजत बसावं लागतं.”

मुख्याध्यापकांनी चष्मा परत घातला. मी खाली बसायला हवं होतं. पैज जिंकून झाली होती. पण प्रश्न आता माझा झाला होता, त्याला मी काय करणार?

“मग त्याला कोण सांगतं, पुरे म्हणून?”

“मेंदू. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. त्याच्याकडे कामं खूप. झोपेचं बघायचं, मनाचं बघायचं. त्यातलंच एक काम म्हणजे पंगतीत पानावर आडवा हात धरायचा. पुरे, आता वाढू नका. माझं औषध सेरोटोनिनचा तो हात जरा लवकर आडवा करतं. असं मला वाटतं. नुसतं वाटून चालत नाही, म्हणून मोजते.”

“आणि उलटं औषध असतं? हात बाजूला करणारं?”

“असतं की. मूल जेवत नाही म्हणून सिरप आणतात बघ दुकानातून, त्यातली काही नेमकं तेच करतात. तो हात धरून ठेवतात. वर झोपही आणतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती द्यायची नसतात.”

पल्लीनं आणि नाझनीननं एकदमच माझ्याकडे वळून पाहिलं. नाझनीनची कुजबुज नेहमीच चार रांगांपर्यंत पोचते. “आई गं! म्हणून ही भूगोलात घोरते!”

आता मी बारावीत आहे आणि भूगोल सुटला. पण तेव्हा मी खरंच घोरायची. मी होते चौतीस किलोची. शाळेत मला काडी म्हणायचे, घरी आई ‘माह्या लेकराच्या बरगड्या मोजून घ्या’ म्हणायची. आई अमरावतीची, म्हणून माझं नाव वैदर्भी. ती चिडली की तिची अमरावती बाहेर येते, एरवी चांगली कृष्णाकाठी बोलते. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे आणि घरात ते फार बोलत नाहीत. जेवताना मी पानावर आडवा हात धरला की आई तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायची आणि वाढायची. म्हणजे खरं पाहता आमच्या घरी सिरपची गरजच नव्हती. तरी जानेवारीत तिनं मेडिकलवाल्या काकांना विचारून भुकेचं औषध आणलं. सकाळी शाळेआधी एक झाकण, संध्याकाळी एक. चव गोड, पण मागून कडसर. सकाळचं झाकण पोटात गेलं की भूगोलाच्या तासाला माझी मान आपोआप महाराष्ट्राच्या नकाशावर टेकायची.

मॅडमनी भाषणाच्या शेवटी सांगितलं, ज्यांना प्रयोगशाळा बघायची असेल त्यांनी या. चारशेतली मी एकटी गेले.

मार्चपासून शाळा सकाळची झाली होती. बारा वाजता सुटले की सायकल थेट कॉलेजवर. पहिल्या दिवशी दारातच खाकी शर्टातले एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वेळ लागला नाही, बघण्यासारखं फारसं नव्हतं.

“तू व्हय ती ढेकरवाली?”

ते सुबरावमामा. प्रयोगशाळेचे शिपाई. उंदरांचं खाणं, पाणी, पिंजऱ्यातला भुसा सगळं तेच बघायचे. तीस वर्षं. प्राध्यापक आले आणि गेले, उंदीर आले आणि गेले, मामा तिथेच. आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते.

आत एसीचा गारठा आणि ओल्या भुशाचा वास. वीस पिंजरे, वीस पांढरे उंदीर. दहा पिंजऱ्यांवर लाल पट्टी, दहांवर निळी. मॅडमनी पहिल्याच दिवशी कायदे सांगितले. उंदरांना हात लावायचा नाही, सुईच्या जवळ यायचं नाही. मी फक्त काट्यावर खाद्य ठेवायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा.

“लाल म्हणजे औषध. निळी म्हणजे सलाइन, नुसतं मिठाचं पाणी,” मॅडम म्हणाल्या. “सुई सगळ्यांनाच टोचायची. म्हणजे फरक पडला तर तो सुईनं पडला असं कुणी म्हणायला नको.”

“त्यांना दुखतं?”

“थोडं. माझ्या सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा पीत नाहीत, का तर चुकून एखादा जीव पोटात जाईल. आणि सून दिवसाला वीस जिवांना सुया टोचते. घरी मी कॉम्प्युटरवर काम करते असं सांगितलंय.” मग जरा थांबून, “म्हणून तर नीट करायचं, वैदर्भी. त्यांना त्रास दिलाय तर निदान आकडा खरा यायला पाहिजे.”

काम असं चालायचं. आठवड्यातून तीन दिवस प्रयोग. उंदरांना रात्रभर उपाशी ठेवायचं. दुपारी साडेबाराला मॅडम सुया टोचायच्या. औषध मेंदूपर्यंत पोचायला अर्धा तास. तेवढ्यात मॅडम खाली जाऊन अर्ध्या तासाचा एक वर्ग घेऊन यायच्या, हात धुतलेले, खडूनं पुन्हा माखलेले. मग मोजून खाद्य द्यायचं आणि दोन तासांनी उरलेलं मोजायचं. सांडलेला चुरासुद्धा चिमट्यानं वेचायचा.

मधला अर्धा तास माझा आणि मामांचा. मी बाहेरच्या टेबलाशी खाद्याच्या पुड्या बांधायची. मामा आत एक फेरी मारून यायचे, मग माझ्यासमोर बसून खाकी शर्टाच्या खिशात हात घालायचे. त्या खिशात कायम गूळ-शेंगदाणे.

“घे. हाडं दिसाय लागल्यात.”

“मामा, मी शाळेत डबा खाल्लाय.”

“जेवान कुटं गेलं मग? घे म्हनतो न्हवं.”

मी घ्यायची. घरी आईनं वाढलेलं गिळवत नसायचं, आणि इथे मूठभर शेंगदाणे कधी संपले ते कळायचं नाही. मामा वाढताना हात बाजूला करत नसत, हे एक. आणि ते बोलायचे भारी. कुठल्या प्राचार्यांच्या टेबलावर एकदा उंदीर निघाला आणि प्राचार्य खुर्चीवर चढून राजीनाम्याची भाषा कशी करायला लागले, वगैरे. अर्धा तास संपायचा, पुढ्यात सालांचा ढीग व्हायचा, मी तो स्कर्टवरून झटकायची.

आणि आकडे! आकडे तर झकास येत होते. निळ्या पट्टीचे उंदीर दोन तासांत सात-आठ ग्रॅम खायचे. लाल पट्टीचे चारवर थांबायचे. मी आकडा वाचला की मॅडम तो कागदावर उतरवायच्या आणि मग जागच्या जागी एक छोटीशी उडी मारायच्या. पीएच.डी. करणारी बाई उडी मारते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी वेगळाच प्रयोग रंगात आला होता. औषधाचं झाकण घेऊन मी गॅलरीत जायची. “वाऱ्यावर उभं राहिलं की कडू लागत नाही,” असं मी आईला सांगून ठेवलं होतं. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी आईनं मला वजनकाट्यावर उभं केलं, तर काटा साडेछत्तीसवर.

“अडीच किलो!” आई एवढ्यानं ओरडली की बाबांनी पेपर खाली घेतला. “पाह्यलं? म्हटलं होतं ना मी? औषधाचा गुण आहे हा!”

“छान,” बाबा म्हणाले. मग गॅलरीकडे बघून, “त्या जास्वंदीच्या कुंडीत मुंग्या फार झाल्यात.”

“काय बाप्पा, कुठून येऊन राहिल्या काही समजत नाही. हळद टाकली, तरी येतातच.” आईला मुंग्यांत रस नव्हता. ती अमरावतीला मावशीला फोन लावत होती. मे महिन्यात मला तिकडे पाठवून आणखी चार किलो चढवायचा बेत त्याच फोनवर पक्का झाला. मावशीकडे दिवसातून पाच वेळा वाढतात.

त्याच आठवड्यात मॅडमनी उंदरांचीही वजनं केली. आणि लाल पट्टीचे उंदीर निळ्यांपेक्षा जड निघाले.

मॅडमनी काटा पुसला. पुन्हा वजनं केली. तेच.

“खातात निम्मं, आणि वजन वाढतंय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. “वैदर्भी, हे कुठेच लिहिलेलं नाहीये. कुठेच नाही!”

दोन दिवसांत त्यांचा चेहराच बदलला. पुण्याच्या त्यांच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला, ते म्हणाले, काहीतरी नवीन सापडलंय, सोमवारी समितीपुढे मांडा. चार वर्षं मॅडम त्या समितीची वाट बघत होत्या. नोकरी, घर, सासूबाई, कॉम्प्युटरची थाप, सगळं सांभाळत चार वर्षं. समितीनं मान डोलावली की पीएच.डी. हातात आल्यासारखीच. त्यांनी मला लॅपटॉपवर शेवटचं पान दाखवलं. आभार. सर, प्राचार्य, सुबराव शेलार, आणि खाली: कु. वैदर्भी जाधव, इयत्ता नववी, खाद्यमोजणी.

माझं नाव छापील पहिल्यांदाच आलं होतं. शाळेतल्या शिक्षेच्या यादीत यायचं, पण ती खडूनं लिहिलेली असायची.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार. भुसा बदलायचा दिवस. मामा एकेका पिंजऱ्यातला जुना भुसा पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतत होते, मी बाजूला उभी राहून शेंगदाणे खात होते. लाल पट्टीच्या एका पिंजऱ्याच्या भुशात मला काहीतरी चिकटलेलं दिसलं. पातळ, तांबडं, कागदासारखं. मी खाली वाकले. मग मी माझ्या स्कर्टकडे पाहिलं. स्कर्टवर तेच होतं.

“मामा, हे काय?”

“साल हाय.”

“कशाचं?”

“शेंगदाण्याचं. दिसंना व्हय?”

“पिंजऱ्यात कुठनं आलं?”

“म्याच देतो की,” मामा म्हणाले. अगदी सहज. “सुई टोचून मॅडम खाली गेल्या की. लेकराला दवाखान्यात सुई टोचली की भाईर आल्यावर हातावर खाऊ देत्यात का न्हाई? आनि ही तर रातभर उपाशी.”

“सगळ्यांना देता?”

“छ्या! निळ्यास्नी कशाला? त्यांस्नी मॅडम सलाइन देत्यात. सलाइननं ताकद येती. आमच्या मंडळीला गेल्या साली दोन बाटल्या लावल्या, तर दुसऱ्या दिवशी उठून शेतात तण भांगलाय गेली. ह्या लालवाल्यांच्या नशिबी नुसतं औषध. म्हनलं, ह्यास्नी निदान गूळ-शेंगदाणं तरी.”

मी आधी हसले. खूप हसले, पोट धरून. माझ्या डोळ्यांसमोर उंदीर आले, पोटं भरलेली, पुढे मॅडमनी मोजून ठेवलेलं कोरडं खाद्य, आणि तोंडावर ‘पुरे बाई, आताच मामांकडे जेवून आलो’ असा भाव. आणि मग एकदम हसू थांबलं. कारण पुढे सोमवार होता.

“मामा, लाल पट्टीवाले कमी खातात, म्हणून मॅडमना वाटतंय औषधानं भूक कमी होते.”

“मग?”

“ते कमी खातात कारण तुम्ही आधीच खायला घालता. आणि वजन वाढतं गुळानं.”

मामांच्या हातातला ट्रे तिरका झाला आणि भुसा फरशीवर सांडला. त्यांनी तो उचलला नाही. स्टुलावर बसले. तीस वर्षं त्या खोलीत काढलेला माणूस, मी समजावायची गरजच नव्हती.

“म्हंजी मॅडमचं समदंच…”

“हो.”

मग ते म्हणाले, “सांगशील?”

मी हातातले उरलेले शेंगदाणे त्यांच्या खिशात परत टाकले.

संध्याकाळी पल्लीच्या गच्चीवर आमची बैठक बसली. पल्ली म्हणाली, सांग. नाझनीन म्हणाली, येडी झालीस? “त्या बाईंची चार वर्षं जातील, मामांची नोकरी जाईल, तुझं नाव जाईल. आणि कळणार कुणाला? उंदीर काय साक्ष द्यायला येणारेत?”

“उंदीर नाही येणार,” पल्ली म्हणाली, “पण उद्या ते औषध कुणी माणसानं घेतलं आणि तो फुगत गेला तर?”

“मग त्याला सांगू, मामांना भेट.”

आम्ही हसलो. पण घरी जाताना मी सायकल हातात धरून चालतच गेले.

शनिवारी मी कॉलेजच्या दारात पोचले, तर मामा आधीच उभे. इस्त्रीचा शर्ट. आणि त्यांनी खिसा उलटा करून बाहेर काढून ठेवला होता, पांढरं अस्तर जिभेसारखं लोंबत होतं. झडती द्यायला आल्यासारखे.

“चल,” ते म्हणाले. “दोघं जाऊ. तू बोल, म्या मान हलवतो.”

मॅडम लॅपटॉपसमोर होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. साल, सुई, खाऊ, सलाइन, भांगलायला गेलेली मामी. मामा ठरल्याप्रमाणे मान हलवत होते, जिथे हलवायची नव्हती तिथेही.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. “एकेकाला किती?”

“चार-पाच दानं,” मामा म्हणाले.

“आणि गूळ?”

“हरभऱ्याएवढा खडा.”

मॅडमनी तेही कागदावर लिहिलं. सवय! लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, डोकं टेबलावर टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मामांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेनं वाकून बघितलं, तर मॅडम हसत होत्या. “सलाइननं ताकद येते! मामा, माझ्या सासूबाईसुद्धा हेच म्हणतात!” आणि मग त्यांना हसता हसता खरंच रडू आलं. ते मात्र बराच वेळ चाललं. मामा पाणी आणायला म्हणून गेले आणि ग्लास हातात धरून दारातच उभे राहिले.

डोळे पुसून मॅडमनी आमच्यासमोरच पुण्याला फोन लावला.

“सर, सोमवारी मी आकडे मांडणार नाही. चुकीचे आहेत… नाही सर, कुणी केलं हा प्रश्न नाही. पिंजऱ्यांवर रंगीत पट्ट्या मीच लावल्या आणि कुठली कसली ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. चूक माझी आहे… हो. पहिल्यापासून. सहा आठवडे.”

मामांनी ग्लास आत आणून मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

“आता पट्ट्या नाहीत,” फोन ठेवून मॅडम म्हणाल्या. “नवे उंदीर, नुसते नंबर. बाटल्यांवरही नंबर. कुठल्या बाटलीत काय, ते सर पाकिटात बंद करून पुण्यात ठेवतील. मलाही माहीत नसेल.”

“मग म्या कुनाची दया करायची?” मामांनी विचारलं. खरंच विचारलं.

“कुणाचीच नाही, मामा. आणि अगदीच राहवलं नाही तर सगळ्यांची, सारखी, वैदर्भीकडून मोजून घेऊन.”

तो दुसरा प्रयोग जूनमध्ये संपला. औषधानं उंदीर खरंच कमी खात होते, फक्त आधी दिसलं होतं त्याच्या निम्म्यानंच. आणि एकाचंही वजन औषधानं वाढलं नाही. नवीन असं काहीच सापडलं नाही. मॅडमनी तरीही उडी मारली.

पण ते नंतर. त्या शनिवारी मी निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “महिनाभर तूही ह्याच खिशातून खात होतीस ना? वजन वाढलं असेल तुझं.”

“अडीच किलो.”

“घरी काय वाटतं, कशानं वाढलं?”

मी दप्तर उचललं आणि थेट सायकलवर बसले.

घरी पोचले तर संध्याकाळचा चहा चालला होता. बाबा दुकानातून लवकर आले होते. सोफ्यावर खालच्या मजल्यावरच्या कुंभारकाकू, मांडीवर त्यांची पाच वर्षांची चिऊ, काकडीसारखी सडपातळ आणि तेवढीच टवटवीत. आईच्या हातात भुकेच्या औषधाची नवी बाटली.

“डॉक्टर-बिक्टर काही नको,” आई सांगत होती. “आमच्या वैदर्भीकडे बघा. दोन वेळा झाकणभर, महिन्यात अडीच किलो. हिलाही आजपासूनच सुरू करा. ने, चिऊ.”

चिऊनं हात पुढे केला. मी दप्तर टाकलं आणि बाटली मधल्या मध्ये घेतली.

“आई, चिऊला हे देऊ नको. मी ते प्यायलेच नाहीये.”

“काय नाही प्याली?”

“विज्ञान दिनापासून एकही झाकण नाही. जास्वंद प्यायली.”

सगळ्यांनी गॅलरीकडे पाहिलं. जास्वंदीला सात फुलं होती आणि खोडावरून मुंग्यांची रांग शिस्तीत वर चालली होती.

“तरीच,” बाबा म्हणाले.

“काय तरीच? पोट्टी दीड महिना फसवून राहिली आणि तुम्ही तरीच म्हणता?” आईची पूर्ण अमरावती बाहेर आली. “मंग हे अडीच किलो कुठून आले?”

“सुबरावमामांच्या शेंगदाण्यांनी.”

“कोण सुबराव?”

“कॉलेजातले. त्यांच्या शेंगदाण्यांनी आज मॅडमचा अख्खा प्रयोग बसला. तुझाही त्यातच बसला.”

कुंभारकाकूंनी चिऊला हळूच उचललं. “आम्ही येतो हं,” म्हणाल्या आणि बाटलीकडे न बघता जिना उतरल्या. आई खुर्चीवर बसली. ती चिडलेली नव्हती, ते जास्त वाईट होतं. तिनं मावशीला सांगितलं होतं, कुंभारकाकूंना सांगितलं होतं, मेडिकलवाल्या काकांना तर पेढे दिले होते.

“मग मी आता काय करू?” ती म्हणाली. “तू जेवत नाहीस, मला भीती वाटते.”

ते तिनं आधी कधी म्हटलं नव्हतं. मी तिच्या समोर उभी राहिले. चारशे पोरांपुढे मी उंदराच्या ढेकराबद्दल विचारलेलं होतं.

“आई, बाबा, माझं ठरलंय. मे महिन्यात मी अमरावतीला जाणार नाही. सहा आठवडे कॉलेजात खाद्य मोजणार. मॅडमना माणूस हवंय, आणि त्यांचा पहिला प्रयोग बिघडल्याचं मीच सांगितलंय. भुकेचं औषध बंद. शेंगदाणेही बंद. नुसतं तुझ्या हातचं जेवण. दर रविवारी बाबांसमोर वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. खोटं लिहायचं नाही, तू पण नाही, मी पण नाही. कमी झालं तर आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ, खऱ्या डॉक्टरांकडे. आणि एक.”

“आणखी काय आहे आता?” आईनं विचारलं.

“मी पानावर आडवा हात धरला की तो उचलायचा नाही. तो हात माझा आहे.”